नुसता ठेवायचा हात

यवतहून कालव्याच्या कडेनं आत गेलं की आठ-दहा घरांची एक वस्ती लागते. तिथं कुणालाही विचारावं, बेंबी सरकलीय, कुठं दाखवू? तो शेवटच्या पत्र्याच्या घराकडे हात करील. ते तानुबाईचं घर. महामार्गावर दवाखान्यांच्या पाट्या रांगेनं उभ्या आहेत, तरी पोटात कळ धरलेली माणसं अजून तिच्या ओट्यावर येऊन बसतात. ती त्यांना जमिनीवर उताणं झोपवते, बेंबीत अंगठा रोवते, डोळे मिटते आणि ठोका शोधते. ठोका अंगठ्याच्या बरोबर खाली लागायला हवा. कुणाचा वर चढलेला असतो, कुणाचा बगलेला गेलेला. मग तेलाचा हात. सावकाश, गोल, ठोका पुन्हा मधोमध येईपर्यंत. "आली जागेवर," असं ती म्हणाली की माणूस उठून बसतो आणि चहा मागतो.

हे तिला कुणी बसवून शिकवलं नाही. नवरा मल्हारी होता तोवर ती मेंढरांमागं हिंडली. अडलेल्या मेंढीच्या पोटात हात घालून आडवं आलेलं कोकरू सरळ करायचं, करडाचा निखळलेला खुबा बसवायचा, हे करता करता तिच्या हातांना एक गोष्ट कायमची पटली: अंगातलं जे जागा सोडतं ते हातानं परत जागेवर आणता येतं. मल्हारी गेला, मेंढरं विकली, दोन एकरांत ऊस उभा राहिला. हात मात्र तेच राहिले.

या हातांनी एकदा एक काम केलं होतं. त्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे.

तिची लेक हर्षदा तेव्हा पाच महिन्यांची होती. घोडनदीच्या काठी तळ पडला होता. पोरीच्या छातीत शिट्टी वाजायची आणि बरगड्यांखाली खड्डा पडायचा. सासू बयाबाई म्हणाली, डबा झालाय, डाग द्या. मेंढराला धाप लागली की देतात तसाच. सळई चुलीत लाल झाली तेव्हा मल्हारीचा हात थरथरला, म्हणून तानुबाईनं ती स्वतःच्या हातात घेतली. तिचा हात कधी थरथरत नसे. डाव्या बाजूला, नेमकं जिथं सासूनं बोट ठेवलं तिथं, तिनं सळई टेकवली. तिसऱ्या दिवशी पोरीचा श्वास मोकळा झाला. बयाबाईनं तळावर गूळ वाटला.

बारा-तेरा वर्षं तो डाग म्हणजे पोरगी वाचल्याची खूण होती. मग छातीची उजवी बाजू भरू लागली. डावीकडे सपाट, ताणलेलं, चकाकणारं कातडं तसंच राहिलं. एका सकाळी न्हाणीतून बाहेर येऊन हर्षदानं विचारलं, "आई, ही बाजू कधी येणार?"

तानुबाई म्हणाली, "यील की. एकेकीची उशिरा येती."

त्यानंतर हर्षदानं पुन्हा विचारलं नाही.

आता ती एकोणतीसची होती. कारेगावात तिसऱ्या मजल्यावर खोली घेऊन राहायची आणि रांजणगावच्या एका कंपनीत गाडीच्या दिव्यांच्या काचा तपासायची. पट्ट्यावरून काच पुढं येते. ओरखडा, बुडबुडा, बाक, काही असलं की ती बाजूला काढायची. दिवसाला हजारभर काचा. अर्धा मिलीमीटर इकडचा तिकडे झाला तरी तिला दिसायचा. सुपरवायझर म्हणायचा, "हर्षदा मॅडम पास करतील तर देवही पास करील."

आणि पंधरा वर्षं तीच हर्षदा रोज डाव्या बाजूला घडी केलेला रुमाल घालून घराबाहेर पडायची. गेटवर झडती घेणाऱ्या बाईचा हात त्या जागी क्षणभर थांबायचा, मग पुढं जायचा. एका उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीत रुमाल घामानं वर चढत चढत गळ्याशी आला. समोरची बिहारची पोरगी चांगल्या मनानंच म्हणाली, "दीदी, आपका कुछ खिसक गया." टेबलावरच्या सगळ्या हसल्या. हर्षदाही हसली. डबा तसाच बंद करून ती उठली. हे तिनं आईला खूप उशिरा, ऑपरेशनला चार दिवस राहिले तेव्हा फोनवर सांगितलं. म्हणाली, "आता जे बसवायचं ते कायमचं बसवून घेते. परत काही सरकायला नको."

"लग्नासाठी करतीस का?" तानुबाईनं विचारलं.

"गेटसाठी करते," हर्षदा म्हणाली.

पुण्याच्या डॉक्टरांनी दोन्ही बाजूंना कातड्याखाली सिलिकॉनच्या पिशव्या बसवल्या. डावीकडे मोठी, उजवीकडे जोडीला लहान. सोबत फेथ होती. शिरूरची, मिशनच्या आवारात वाढलेली, तिथल्याच एका दवाखान्यात नर्स. हर्षदाची कॉलेजपासूनची मैत्रीण. आठव्या दिवशी फेथनं तिला कारेगावच्या खोलीवरून वस्तीतल्या पोपटच्या गाडीतून न्हावऱ्याच्या रस्त्यानं यवतला आणलं. तिसऱ्या मजल्यावर पाण्याचे जार कोण चढवणार? गाडीतून उतरताना हर्षदाचा डावा कोपर अंगाला चिकटलेला होता आणि ओठ पांढरे पडले होते.

"मावशी, ऐका," फेथनं सांगितलं. "हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. वजन उचलायचं नाही. झोपताना पाठीला उशा, कुशीवर नाही. आणि हा छातीवरचा पट्टा काढायचा नाही."

"आन् मी काय करू?"

"तुम्ही काही करायचं नाही मावशी. तेच सांगते."

वस्तीत काय सांगायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. शेजारची सिंधूबाई दुसऱ्याच दिवशी नारळ घेऊन हजर झाली आणि तानुबाईच्या तोंडून निघून गेलं, "गाठ व्हती. काढली."

सिंधूबाईनं पदर तोंडाला लावला. "अगं बया. कुठली?"

"छातीतली."

"साधी का... तसली?"

"साधी गं, साधी."

"साधीच म्हन्त्यात आधी," सिंधूबाई खोल आवाजात म्हणाली. "माज्या मामेसासूची बी साधीच व्हती. लगीन ऱ्हायलंय अजून पोरीचं! काढली तर काढली, जागा तर दिसंना कुठं?" तिची नजर हर्षदाच्या पांघरुणावर फिरली आणि गोंधळली. "उलट भरल्यावानीच दिसतंय की."

"सूज हाय ती," तानुबाई म्हणाली.

सिंधूबाई गेल्यावर हर्षदा भिंतीकडे तोंड करून हसली. पोट हललं तशी कळ आली आणि हसणं अर्ध्यात थांबलं. "आई, काढली म्हणालीस? मी घालून आलेय."

"मला दुसरं सुचलं न्हाई बाई."

हसू टिकलं ते तेवढंच. रोज सकाळी दार लावून हर्षदा आरशासमोर उभी राहायची आणि कंपनीतून आणलेली लहान स्टीलची पट्टी गळ्याच्या खळगीपासून खाली धरायची. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. आकडे मोबाइलमध्ये लिहायची. तानुबाई आत दाराशी बसून बघायची. तिला आकडे कळत नव्हते. पोरीचा चेहरा कळत होता.

"दीड सेंटीमीटर वर आहे डावं. आणि काखेकडे गेलंय."

"डाक्टर म्हनले व्हते ना, आधी वर दिसतं, मग उतरतं?"

"उजवं उतरलं की. हे का नाही उतरत?"

डाव्या बाजूचं कातडं जुनं, डागलेलं, आखडलेलं. ते सैल व्हायला वेळ घेणार, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऐकताना ते पटतं. आरशात पटत नाही. हर्षदानं फोटो पाठवला. दवाखान्यातून दोन ओळी आल्या, नॉर्मल आहे, काळजी करू नका. ती उशांवर टेकून फोनमध्ये बायकांनी लिहिलेलं वाचत बसायची. कुणाचं फिरलं होतं, कुणाचं बगलेत उतरलं होतं, कुणाचं एक वर्षानंतर कळलं होतं. न्हावऱ्याच्या रस्त्यावरचा एक खड्डा तिच्या डोक्यात रुतून बसला होता.

"त्या खड्ड्यातच सरकलं. मला तेव्हाच जाणवलं. आतून काहीतरी सुटल्यासारखं."

"न्हाई गं."

"तुला काय माहीत?"

खरंच तिला काय माहीत होतं? पोरीच्या अंगात काय आहे, ते कशाचं आहे, कशाला धरून आहे, यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. तिनं आयुष्यभर जी अंगं हाताळली त्यांत देवानं घातलं तेवढंच होतं.

सतराव्या दिवशी दुपारी हर्षदा पट्टी खाली ठेवून म्हणाली, "आई, इथं बायका लिहितात की मसाज करून खाली आणतात. डॉक्टरच सांगतात त्यांना."

"तुला सांगितलंय?"

"मी सांगेन तेव्हा, म्हणाले. पण तोवर तिथंच धरून बसलं तर?" आईकडे न बघता ती म्हणाली, "तू बघ ना हात लावून. लोकांचं आणतेस जागेवर."

ऊस वाऱ्यानं सळसळत होता.  एकोणतीस वर्षांत पोरीनं आईकडे छातीच्या बाबतीत काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे. तानुबाईनं उठून साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. वाटीत करडईचं तेल कोमट केलं. पट्टा सोडला.

डोळे मिटून तिनं बोटं टेकवली, नेहमीसारखी. ठोका लागला, पण तो पोरीच्या काळजाचा होता, तिला हवा तो नव्हता. वर कातडं खरखरीत लागलं. तो डाग आता पसरून तळव्याएवढा झाला होता, तरी बोटांनी तो ओळखला. त्याच्याखाली काहीतरी गुळगुळीत, जड. ओल्या कोकराचं डोकं हाताला लागतं तसं. तिनं काखेकडून मध्ये आणि वरून खाली रेटायला सुरुवात केली. हर्षदानं दात आवळले होते.

"दुखतंय?"

"दुखू दे."

मग ते हललं. अंगठ्याखालून निसटलं आणि खाली गेलं. तानुबाईच्या तोंडून सवयीनं शब्द निघाले, "आली जागेवर."

हर्षदानं पट्टी लावली. एकदा, दोनदा, तीनदा. दोन्ही बाजू सारख्या. काचेत चूक शोधणारी ती नजर आरशावर कितीतरी वेळ फिरत राहिली आणि तिला काही सापडलं नाही. ती आईकडे वळली तेव्हा तिचा चेहरा सहावी-सातवीतल्या पोरीचा झाला होता. त्या दिवशी तिनं दीड भाकरी खाल्ली. अंबाड्याची भाजी परत मागून घेतली. तानुबाई चुलीपुढं बसून स्वतःच्या हातांकडे बघत होती आणि एक हिशेब कुठंतरी मिटल्यासारखं तिला वाटत होतं.

दोन सकाळी गेल्या. तिसऱ्या सकाळी तानुबाई चुलीपाशी असताना दार लावून हर्षदा आरशासमोर गेली आणि बाहेर आली नाही. तानुबाईनं दार ढकललं. पट्टी जमिनीवर पडली होती.

"दोन सेंटीमीटर खाली गेलंय," हर्षदा म्हणाली. आवाज अगदी सपाट, कंपनीत काच बाजूला काढताना असावा तसा. "उताणं झोपलं की बगलेत जातं. बघ." ती झोपली आणि ते खरोखरच गेलं, बाहेरच्या बाजूला, उतारावरून गेल्यासारखं. कडेला सूज होती.

"थांब, वर घेते परत." तानुबाईचे हात आपोआप पुढं झाले.

"हात नको लावू!"

ओरडणं पत्र्यावर आदळून परत आलं. तानुबाईचे हात होते तिथं हवेतच थांबले. ते कुठं ठेवावेत हे तिला कळेना. शेवटी तिनं ते पाठीमागं नेले.

फेथ फोनवरून हकीकत ऐकून हळू म्हणाली, "मावशी, ताप आहे का बघा. लाल झालंय का? नाही ना? पट्टा बांधा आणि निघा. मी शिरूरहून थेट पुण्यात येते." आणि फोन ठेवता ठेवता तिच्यानं राहवलं नाही, "मी सांगितलं होतं ना, काही करायचं नाही म्हणून."

पोपट गाडी चालवताना दोन्ही बायकांकडे आरशातून बघत होता. गाठ पुन्हा आली असावी असं समजून त्यानं गाणी बंद केली होती.

दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण वाईट नव्हता. पिशवी फुटलेली नाही, आत रक्त साठलेलं नाही, हे त्यानं आधी सांगितलं. मग कागदावर एक गोल काढून दाखवला. पिशवी ज्या जागेत बसवलेली आहे ती उशीच्या खोळीसारखी. खोळ अजून नीट धरलेली नव्हती. ती खालच्या अंगाला आणि कडेला ताणली गेली, म्हणून पिशवी तिकडे उतरते.

"मग आता?" हर्षदानं विचारलं.

"आता वेगळा पट्टा. दिवसरात्र. तीन महिने वाट बघायची. खोळ आवळून आली तर आली."

"आणि नाही आली तर?"

"पुन्हा उघडून शिवावी लागेल. पण तुमचं तिथलं कातडं फार पातळ आहे. दुसऱ्यांदा ते कितपत साथ देईल, आज मी सांगू शकत नाही."

फेथनं हर्षदाच्या खांद्यावर हात ठेवला. तानुबाई दारापाशी उभी होती. खुर्ची रिकामी असूनही ती बसली नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "माझ्या हातानं झालं का हे?"

डॉक्टरनं तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "चोळायला नको होतं, आजी. पण त्यानंच झालं असंही छातीठोक म्हणता येत नाही. अशा कातड्याखाली हे आपोआपही होतं." मग हर्षदाकडे वळून त्यानं विचारलं, "हा मूळ डाग कशाचा? तुम्ही फॉर्मवर नुसतं भाजलं असं लिहिलंय."

तानुबाईनं तोंड उघडलं. सांगायचं होतं तिला. सळई, नदीचा काठ, सासूचं बोट, आणि आपला न थरथरलेला हात. इतकी वर्षं जे कुणी विचारलं नव्हतं ते या परक्या माणसानं सहज विचारलं होतं, आणि सांगून टाकलं तर निदान एक बाजू तरी मोकळी झाली असती.

"चहा सांडला होता," हर्षदा म्हणाली. "लहान होते. माझ्याच हातून."

डॉक्टरनं तसं लिहून घेतलं.

तानुबाईचं तोंड पुन्हा मिटलं. डाग कुणाच्या हातचा हे पोरीला ठाऊक होतं. कधीपासून, कुणाकडून, हे विचारण्याची ती जागा नव्हती, आणि तशी जागा कुठं असेल हेही तिला सुचेना.

निघताना डॉक्टरनं एकच गोष्ट जास्तीची सांगितली. गाडी हादरते तेव्हा बाहेरच्या बाजूनं तळहात ठेवायचा. आधार म्हणून. दाबायचं नाही.

फेथ शिरूरकडे गेली. पोपटची गाडी सोलापूर रस्त्याला लागली. हडपसर, लोणी, उरुळी. महामार्गावर गाडी गुळगुळीत चालली होती तरी हर्षदानं उजवा हात आडवा नेऊन डाव्या कडेला धरून ठेवला होता.  बाहेर उसाच्या ट्रॉल्या मागं पडत होत्या. तानुबाईनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते, एखादं जनावर बांधून ठेवावं तसे. तीन महिन्यांत किती सकाळी येतात, आणि प्रत्येक सकाळी ती पट्टी, आणि पट्टीनंतरचा पोरीचा चेहरा. त्यात तिला करण्यासारखं काहीच नव्हतं. ताप नव्हता की पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. कळ नव्हती की ठोका शोधावा. गूळ वाटण्यासारखं काही होणार की नाही हेही कुणी सांगत नव्हतं.

यवतला गाडी महामार्ग सोडून कालव्याच्या कच्च्या रस्त्याला लागली. पहिल्याच खड्ड्यात हर्षदाचा चेहरा आक्रसला.

"सावकाश रं पोपट," तानुबाई म्हणाली.

"सावकाशच हाय मावशी. रस्ताच असा हाय, मी काय करू?"

दुसरा खड्डा आला. हर्षदाचा हात घसरला. ती डोळे मिटून म्हणाली, "आई, माझा हात भरून आला. तू ठेव."

तानुबाई हलली नाही.

"आई."

"मी नगं बाई."

"दाबू नको. चोळू नको. नुसता ठेव."

तानुबाईनं मांडीखालून उजवा हात काढला. पदराला पुसला, कोरडा असूनही. मग पोरीच्या ओढणीखालून तो नेला आणि पट्ट्याच्या कडेला, बरगड्यांवर, टेकवला. हाताला सवयीनं काहीतरी करायचं होतं. बोटं शोधू बघत होती, अंगठा रोवू बघत होता. तिनं ते सगळं आवरून धरलं. तळव्याखाली पट्ट्याचं जाड कापड, त्याखाली सूज, त्याखाली पोरीचा श्वास वर-खाली होत होता. गाडी हादरली तसं आतलं जड काहीतरी तिच्या हातावर येऊन टेकलं आणि परत गेलं. ते थोपवताही येत नव्हतं, न्यायचं तिथं नेताही येत नव्हतं.

"असा?" तिनं विचारलं.

हर्षदानं मान हलवली. वस्ती अजून दोन किलोमीटर होती. थोड्या वेळानं तानुबाईचा खांदा अवघडला, मग कोपर बधिर झालं. तिनं हात हलवला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो थोडा थोडा थरथरत होता, आणि तो गाडीमुळं थरथरतोय असं पोरीला वाटावं म्हणून ती खिडकीबाहेर बघत राहिली.